तांबडी चामडी

मराठी नृत्यगीत (२०२४). संगीतनिर्माता क्रेटेक्स (कृणाल घोरपडे) व रॅपर श्रेयस (श्रेयस सागवेकर) यांची ही संयुक्त निर्मिती. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या नेदरलँड्समधील ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ या कंपनीने ती प्रसिद्ध केली.

हे गीत ज्या हाउस संगीतावर बेतले आहे, त्याचा उगम १९८० च्या दशकात शिकागोत झाला. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके आणि चारही मात्रांवर सारखा आघात, हा त्याचा कणा. क्रेटेक्सने त्यावर मराठी बोल चढवून या प्रकाराला ‘एम-हाउस’ म्हटले. रॅप व हाउस यांची जोडी जगाला नवी नव्हती : क्यूबन-अमेरिकन रॅपर पिटबुल याने डच डीजे अफ्रोजॅकसोबत केलेले ‘गिव्ह मी एव्हरीथिंग’ २०११ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० यादीत अव्वल ठरले होते.

शीर्षकातील शब्दयोजना लक्षणीय आहे. ‘चामडी’ हा एरवी ‘चामडी सोलणे’सारख्या धमकीत येणारा राकट शब्द, येथे तो उन्हात रापलेल्या कांतीच्या कौतुकासाठी येतो. दोन्ही शब्दांच्या शेवटचा ‘डी’ ठेक्यावर नेमका आदळतो. त्यामुळे भाषा न कळणाऱ्यालाही ताल कळतो.