बिसेत्रचा कातडी कमावणारा

मनोविकारांच्या इतिहासावरच्या पुस्तकांत एक चित्र हटकून भेटतं. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयाच्या आवारात डॉक्टर फिलिप पिनेल उभा आहे आणि वेड्या ठरवलेल्या बायकांच्या साखळ्या निघताहेत. रोबेर-फ्लरीने ते १८७६ मध्ये रंगवलं, पिनेलला जाऊन पन्नास वर्षं झाल्यावर. मी पिनेलबद्दलच वाचायला बसलो होतो. वाचता वाचता हाती लागला तो झां-बातीस्त प्युसँ, आणि पिनेल बाजूलाच राहिला.

प्युसँ धंद्याने कातडी कमावणारा. गंडमाळा झाल्या म्हणून पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात आला. प्युसँ बिसेत्रमध्ये बरा झाला आणि तिथेच राहिला. १७८०च्या दशकात असाध्य मनोरुग्णांच्या विभागाचा कारभार त्याच्याकडे आला. १७९३ मध्ये पिनेल तिथे डॉक्टर म्हणून पोचला, तोवर प्युसँ आणि त्याची बायको मार्गरीत यांनी विभागाची घडी बसवली होती. रुग्णावर हात उगारायचा नाही आणि नोकर शक्यतो बरे झालेल्या रुग्णांतूनच घ्यायचे, ही त्यांची रीत. ही माणसं जास्त सौम्य आणि माणुसकीची असतात, असं कारण त्याने पिनेलला लेखी कळवलं होतं. बिसेत्रच्या साखळ्याही १७९७ मध्ये प्युसँनेच काढल्या. पिनेल त्याआधीच सालपेत्रिएरला गेला होता. साखळ्यांच्या जागी हात बांधून ठेवणारे सदरे आले, हेही सांगायला हवं.

ज्याने भोगलं त्यानेच दुसऱ्याला आधार द्यायचा, याला आज पीअर सपोर्ट म्हणतात. त्याचं मूळ मी बिसेत्रमध्ये धरतो. यावरचा आक्षेप सरळ आहे: प्युसँचा आजार मानेचा होता, मनाचा नव्हता. मग तो मनोरुग्णांचा समदुःखी कसा?

उत्तर मला ‘पीअर’ या शब्दातच सापडलं. लॅटिनमध्ये ‘पार’ म्हणजे समान, बरोबरीचा. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याला दोन फांद्या फुटल्या. एक बरोबरीच्या कुणाही माणसाची, दुसरी उमरावांची; कारण सरदार आपसांत समान मानले जात. म्हणजे हा शब्द मुळात दर्जाचा आहे, दुःखाचा नाही. आपला ‘समदुःखी’ दुःख मोजतो, ‘पीअर’ पायरी मोजतो. प्युसँ आणि त्याचे रुग्ण एकाच पायरीवरचे होते: त्याच भिंतींच्या आतले, दानाच्या अन्नावर जगलेले. त्याने नेमलेले नोकर तर दोन्ही अर्थांनी बरोबरीचे.

या दोन फांद्या एका माणसात पुन्हा गाठ घेतात. जॉन पर्सिव्हल हा उमरावाचा, अर्ल ऑफ एग्मंटचा नातू. त्याचे वडील स्पेन्सर पर्सिव्हल ब्रिटनचे पंतप्रधान होते. १८१२ मध्ये संसदेच्या दालनात त्यांच्यावर गोळी झाडली गेली. मारेकरी वेडा आहे, हा बचाव कोर्टाने मानला नाही आणि आठवड्याभरात त्याला फाशी दिली. पुढे १८३१ मध्ये जॉनलाच वेडा ठरवून खाजगी आश्रमात ठेवण्यात आलं. सुटल्यावर त्याने आपली हकिगत छापली, आणि १८४५ मध्ये लंडनमध्ये असेच आतून आलेले लोक जमून त्यांची संस्था उभी राहिली. काही अभ्यासक मूळपुरुषाचा मान पर्सिव्हललाच देतात. मला तो हक्कांच्या लढ्याचा मूळपुरुष वाटतो. उशाशी बसणाऱ्याची कुळी वेगळी, ती प्युसँची.

दुसरा दावा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा: १९३५, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर, दोन दारुडे, त्यांतला एक सर्जन. हा दावा भक्कम आहे. पण तिथे कुणी कुणाचा नोकर नाही आणि रुग्णालयाची भिंतही नाही. रुग्णाला रुग्णालयातच कामावर घेणं, ही प्युसँची खूण. ती १९२०च्या दशकात बाल्टिमोरजवळ मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हनच्या वॉर्डात दिसते. १९९९ मध्ये जॉर्जिया राज्यात अशा कामाचा मोबदला सरकारी आरोग्य योजनेतून मिळू लागला. बिसेत्रपासून इथवर अखंड धागा काढता येत नाही. माझं मत असं की ही युक्ती कुणी कुणाकडून घेतली नाही. माणसं कोंडलेल्या जागी, ज्याला खरोखर काळजी होती त्याला ती पुन्हा पुन्हा सुचली.

म्हणूनच पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र मला याच कुळातलं वाटतं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी पैशाचं बळ दिलं. उपचारांची घडण अ‍ॅनॉनिमसच्या वळणाची, पण व्यसनातून बाहेर पडलेली माणसं तिथे कामाला लागली, समुपदेशक झाली, ती रीत बिसेत्रची.

सालपेत्रिएरमध्ये पिनेलला एकट्याने जमेना. त्याने प्युसँची मागणी लावून धरली आणि १८०२ मध्ये प्युसँ नवरा-बायको तिथे कामावर रुजू झाले.