मागचा बोळ

अमळनेरच्या जुन्या वस्तीत आमचे वडिलोपार्जित घर आहे. पुढचे दार गल्लीत उघडते. त्याला पितळी कड्या आहेत, दोन्ही बाजूंस ओटे आहेत. आलागेला पाहुणा एवढेच पाहतो. मागे मात्र दोन घरांच्या भिंतींमधून जेमतेम तीन हात रुंदीचा एक बोळ जातो. त्या बोळात, आमच्या भिंतीला अगदी जमिनीलगत, एक लोखंडी झडप होती. पुढे केव्हातरी ती विटा लावून बुजवली. लहानपणी चेंडू शोधायला मी तिकडे गेलो, की आजी ओरडायची. का ओरडते, हे मात्र सांगायची नाही.

आमच्या गावाचा इतिहास लिहायला बसणारा नेहमी पुढच्या दाराने आत शिरतो. बोरीच्या काठचे संत सखाराम महाराज, प्रताप शेठजींनी १९०६ साली काढलेली गिरणी, १९१६ सालचे तत्त्वज्ञान मंदिर, १९२४ ते १९३० या काळात येथल्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी. मीही वर्गात मुलांना हेच सांगत आलो. परंतु अमळनेरची नगरपालिका यांतल्या गिरणीहूनही जुनी. ती १८६४ सालची. तिचे कौतुक कोणी करीत नाही, कारण तिच्या कामाचा मोठा भाग मागच्या बोळात चालत असे.

त्या काळच्या पालिकेचे काम ते काय? रस्त्यांवर दिवे लावायचे, रस्ते झाडायचे, पाण्याची सोय पाहायची, आणि घाण गावाबाहेर न्यायची. १९०१ सालच्या मुंबई इलाख्याच्या नगरपालिका कायद्यात सफाईच्या दोन पट्ट्या दिलेल्या आहेत. एक सर्वसाधारण, दुसरी खास, म्हणजे ज्या घरचा संडास पालिकेच्या माणसांकडून साफ होतो त्या घरावर बसणारी. हे कलम रूक्ष खरे, पण त्यातच सारी गोष्ट आहे. पट्टी भरली की घरमालकाचा संबंध संपला. मागच्या झडपेतून कोण हात घालतो, हे पाहण्याची त्याला गरज उरली नाही.

आज नळ आणि पाइप यांच्या जमान्यात वाढलेल्यांना या संडासाची रचना समजावून सांगावी लागते. पाणी विहिरीवरून किंवा नदीवरून डोक्यावर यायचे. ते संडासात ओतायला कोणाला परवडणार? जमिनीखालून गटार नाही. घरे भिंतीला भिंत लावून. तेव्हा वर दोन दगड, खाली टोपली किंवा तेलाचा रिकामा डबा, आणि तो ओढून घ्यायला बोळाकडून झडप. डबा भरला की डोक्यावरच्या टोपलीत रिकामा व्हायचा. पावसाळ्यात ती टोपली गळायची. राख टाकली म्हणजे वास कमी येतो, एवढी एक युक्ती प्रत्येक घरच्या बाईला ठाऊक होती. आणि आजी ती इमानाने पाळायची, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मी मोठा झाल्यावर, दोन-तीनदा खोदून विचारल्यावर, आजी बोलली. ती बाई उजाडण्यापूर्वी यायची. बोळाच्या तोंडाशी हाक द्यायची, म्हणजे कोणी आडवे जाऊ नये. सणासुदीला ओट्याखाली उभी राहायची. वरून भाकरी, कधी जुने लुगडे पडायचे. मी विचारले, "आजी, तिचे नाव काय होते?" आजीने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "तिनं नाव कोन पुसे? टोपलीवाली म्हनेत." किती वर्षे येत होती, हे तिला आठवत होते. नाव आठवत नव्हते असे नाही. ते कधी माहीतच नव्हते.

साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, त्यांचे कपडे धुऊन ठेवीत, या गोष्टी आमच्या गावात अजून सांगतात. त्याच गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण आरंभले. देवळाचे दार उघडले. बोळातली झडप तशीच राहिली. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांची स्थिती पाहण्यासाठी वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९५२ साली अहवाल दिला, आणि डोक्यावरून मैला नेणे थांबवा, असे सांगितले. केंद्र सरकारने १९५७ साली मलकानी समिती नेमली. तिचा अहवाल १९६० चा. दरम्यान पालिकांना ढकलगाड्यांसाठी पैसेही मिळू लागले. पण वाचकहो, तीन हात बोळात ढकलगाडी शिरायची कशी? गाडी तोंडाशी उभी राहणार, आणि आतून तेथवर टोपलीच येणार. कणकवलीजवळ गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत करणारा संडास करून दाखवला, तो खरा उपाय. त्याला मात्र अंगण लागते.

टोपलीच्या संडासांवर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला आणि तो १९९७ मध्ये अमलात आला. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकीत माणूस संरक्षणाशिवाय उतरवणे हाही गुन्हा ठरवला. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हा गुन्हा पालिकेपुरता नाही, घरमालकालाही लागू आहे. हे मला ठाऊक होते. ठाऊक असणे निराळे.

आता मी गावाबाहेरच्या कॉलनीत राहतो. येथे बोळ नाहीत. अंगणाखाली टाकी आहे. गेल्या पावसाळ्यात ती तुंबली. घर बांधताना मी हौसेने टाकीच्या झाकणावरही फरशी बसवून घेतली होती. ओळखीचा गवंडी एका माणसाला घेऊन आला. "तासाभराचं काम आहे गुरुजी. फरशीचा एकच तुकडा काढू. हा आत उतरेल." मी विचारले, "किती घेईल?"

आकडा ऐकला, मान डोलावली, आणि मग आजीचा चेहरा आठवला. बंद टाकीत साचलेला वायू दोन श्वासांत माणसाला आडवा करतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली, म्हणजे असे मृत्यू अजून मोजावे लागतात. मी टँकर बोलावला. पैसे जास्त गेले, अर्धे अंगण उखडले, सौभाग्यवतींनी दोन दिवस अबोला धरला.

शेजारी विचारतात म्हणून सांगतो. झाकण उघडे, हाताशी ठेवावे. टाकी भरून वाहण्याची वाट न पाहता तीनेक वर्षांनी टँकरने उपसावी. पन्हाळीचे पाणी तीत सोडू नये. अॅसिड, फिनाइल बेताने वापरावे. मैला कुजवणारे जीव त्याने मरतात. बाहेर पडणारे पाणी उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात घालावे. वायूची नळी छपराच्या वर न्यावी, तोंडाला जाळी लावावी.

त्या माणसाची मजुरी बुडाली होती. उखडलेल्या फरश्या उचलायचे काम मी त्याला दिले. जाताना त्याचे नाव विचारले. त्याने सांगितले, आणि जरा घाबरूनच पुढे म्हणाला, "कशाला पाहिजे, गुरुजी?"

झाकणावर आता फरशी नाही. सौभाग्यवतींनी त्यावर कुंडी ठेवली होती, तीही हलवली.