पॉवर वीडरचं ऑइल कधी बदलायचं? महिने नाही, तास मोजा

नारायणगाव, ओतूर, मंचर पट्ट्यात टोमॅटो, कांदा किंवा उसाच्या सरीत पॉवर वीडर आता नेहमीचाच झाला आहे. मोटारसायकलची सर्व्हिसिंग किलोमीटरवर ठरते. वीडरला तो काटाच नसतो, त्यामुळे "हंगाम संपला की बघू" असं म्हणत ऑइल राहून जातं.

या इंजिनाला रेडिएटर नसतो. हवा आणि ऑइल, एवढ्यावरच ते थंड राहतं. अनेक छोट्या पेट्रोल इंजिनांत ऑइल पंप आणि फिल्टरही नसतो. कनेक्टिंग रॉडला खाली असलेली छोटी पट्टी फिरताना ऑइल उडवते आणि त्यावरच सगळं भागतं. म्हणजे धातूचा कीस आणि काजळी बाहेर काढायला ऑइल बदलण्याशिवाय पर्याय नाही.

होंडाच्या जीएक्स१६० या इंजिनाचं उदाहरण घेऊ. त्यात साधारण ६०० मिली ऑइल बसतं. पहिलं ऑइल २० तासांनी किंवा १ महिन्याने बदलायचं, पुढे दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तेव्हा. भाड्याने फिरणारा वीडर रोज ६ तास चालला, तर १०० तास १७ दिवसांतच भरतात! त्यामुळे टाकीजवळ खडूने तास लिहून ठेवलेले बरे.

कोणतं ऑइल?

याच इंजिनासाठी १०डब्ल्यू-३० ग्रेडचं फोर-स्ट्रोक ऑइल चालतं, दर्जा एपीआय एसजे किंवा त्यापुढचा. इतर इंजिनांसाठी, विशेषतः डिझेलसाठी, माहितीपुस्तिका बघा. गिअरबॉक्सचं ऑइल बहुतेक वीडरमध्ये वेगळं असतं, ते इंजिनात ओतू नका. टू-स्ट्रोक ब्रश कटरची गोष्टच निराळी, तिथे ऑइल पेट्रोलमध्ये मिसळतात.

बदलताना इंजिन थोडं चालवून बंद करा. कोमट ऑइल पटकन आणि घाणीसकट निघतं. यंत्र सपाट जागी हवं, कारण कललेल्या यंत्रात पातळी चुकीची दिसते. जीएक्स१६० मध्ये डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघतात. घोडेगाव-डिंभे भागातल्या उतारावर काम असेल, तर हे रोज सकाळी बघाच. ऑइल कमी असेल आणि यंत्र कललं, तर ती पट्टी कोरडीच फिरते. मग पिस्टन जाम होतो आणि ऐन हंगामात इंजिन खोलावं लागतं.

काढलेलं काळं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजवाल्याकडे द्या.