दादर-माटुंगा योजना : वस्ती आणि वाहतूक यांचे पौर्वापर्य

मुंबई बेटाच्या उत्तर भागातील दादर व माटुंगा ही वस्ती योजनापूर्वक उभारली गेली, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. तथापि, जी योजना दाटीत गुदमरणाऱ्या गोरगरिबांच्या निमित्ताने जन्मास आली, तिच्या भूमीवर अखेरीस मुख्यतः पांढरपेशा मध्यमवर्गच का स्थिरावला, हा प्रश्न क्वचितच स्वतंत्रपणे विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर केवळ जमिनीच्या किमतीत सापडत नाही. रस्ता, वाहन आणि घर ही तीन अंगे कोणत्या क्रमाने सिद्ध झाली, याकडेही लक्ष द्यावे लागते.

इ. स. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला आणि पाहता पाहता शहर हादरले. रोगाचे मूळ अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत आहे, अशी तत्कालीन अधिकाऱ्यांची धारणा होती. या धारणेतूनच १८९८ मध्ये कायद्याने मुंबई शहर सुधार विश्वस्त मंडळाची, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. दाट वस्त्या मोकळ्या करणे, नवे रस्ते काढणे, समुद्र हटवून जमीन मिळविणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधणे ही मंडळाची कार्ये ठरली. नागपाडा, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड या योजनांनी शहराच्या पोटात वारा खेळू लागला खरा. परंतु आरंभीच्या काळात पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्यांची संख्या तोकडी पडली. विस्थापित कुटुंबे शेजारच्याच गल्ल्यांत शिरली आणि एकीकडची दाटी दुसरीकडे गेली.

या कोंडीवर उपाय म्हणून मंडळाने उत्तरेकडे दृष्टी वळविली. दादर-माटुंगा ही पाचवी आणि शीव-माटुंगा ही सहावी योजना होय. भातखाचरे, माडांच्या वाड्या आणि सखल पाणथळ जागा ताब्यात घेऊन तेथे भराव घालणे, गटारे काढणे, रुंद रस्ते आखणे आणि भूखंड पाडून ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे असा हा कार्यक्रम होता. घरात उजेड व हवा पोहोचावी म्हणून दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडावे, याचाही विचार झाला. मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी त्यासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला होता.

भूखंड आखले गेले, पण माणसे लगेच आली नाहीत. वस्तुतः या भागाला रेल्वेचा शेजार जुना होता. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी याच बाजूने गेली होती. परंतु लोहमार्ग जवळून जाणे आणि रोजच्या कामासाठी सोयीची गाडी मिळणे या भिन्न गोष्टी होत. शहरांतर्गत वाहतुकीचा भार ९ मे १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामने वाहिला. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि पुढे तिचे रूळ दादर ओलांडून किंग्ज सर्कलपर्यंत पोहोचले. व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. म्हणजे जमीन घेतल्यापासून वाहतुकीचे जाळे पुरते विणले जाईपर्यंत सुमारे पाव शतक लोटले.

हे पाव शतक निर्णायक ठरले. गिरणीतील कामगाराची पाळी पहाटे सुरू होई. गोदीतील मजुराला रोजच्या रोज काम मिळविण्यासाठी भल्या सकाळी गोदीच्या दाराशी उभे राहावे लागे. कामाच्या ठिकाणापासून पायी जाता येईल एवढ्याच अंतरावर राहणे या दोघांनाही भाग होते. याउलट, ठराविक वेळेला कचेरीत जाणारा, मासिक वेतन घेणारा कारकून गाडीची वाट पाहू शकत होता आणि तिकिटाचा खर्चही सोसू शकत होता. त्यामुळे रूळ जसजसे उत्तरेकडे सरकले, तसतसा हा वर्ग त्यांच्यामागून आला. मंचेरजी एदलजी जोशी यांच्या प्रयत्नाने १०३ भूखंड पारशी कुटुंबांसाठी राखले गेले व पारशी कॉलनी उभी राहिली. शेजारी हिंदू कॉलनी वसली. माटुंग्यास दक्षिणेकडून आलेल्या नोकरदारांची वस्ती झाली. रुइया महाविद्यालय १९३७ मध्ये निघाले, तोवर वस्तीचे हे स्वरूप निश्चित झाले होते.

कामगारांची सोय स्वतंत्रपणे झाली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने दादरच्या दक्षिणेस लागूनच नायगाव येथे ४२ चाळी बांधल्या. दोन्ही वस्त्या सार्वजनिक संस्थांनीच घडविल्या. परंतु एकीत कुटुंबाला स्वतंत्र बिऱ्हाड, तर दुसरीत एक खोली आणि सामाईक संडास. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळ येथे सुधार मंडळाच्याच चाळीत दीर्घकाळ राहिले आणि १९३० नंतरच्या वर्षांत हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या वास्तूत आले. चाळीतून भूखंडापर्यंतचे हे अंतर मैलांत मोजल्यास अल्प. परंतु असाधारण विद्वत्ता आणि बॅरिस्टरीची सनद असलेल्या पुरुषासही ते कापण्यास दोन दशके लागली. सामान्य चाळकऱ्यास ते किती दुस्तर असेल, याची कल्पना यावरून येते.

१९३३ मध्ये मंडळ महानगरपालिकेत विलीन झाले. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर-दादर मार्गावर शेवटची ट्राम धावली. ‘दादर टी. टी.’ या नावात ट्रामचे अखेरचे स्थानक तेवढे उरले. मंडळाच्या काळी व्हिन्सेंट रोड म्हणून ओळखला जाणारा हमरस्ता पुढे डॉ. आंबेडकरांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. २०२५ मध्ये दादरच्या पश्चिम भागाखालून भुयारी मेट्रो सुरू झाली, तेव्हा क्रम उलटा होता : वस्ती आधीच भरलेली होती आणि वाहन मागाहून आले.

दोन्ही प्रसंगांतून एकच निष्कर्ष निघतो. वाहतुकीचे साधन तटस्थ नसते. ते कोणत्या वेळी येते, त्याचे भाडे किती असते आणि ते येते तेव्हा भूमी कोणाच्या हाती असते, यांवर त्याचा लाभ कोणास होणार हे ठरते. सुधार मंडळाने प्रकाशाचा कोन काटेकोरपणे मोजला. गिरणीपासून घरापर्यंतचे अंतर मात्र त्या हिशेबात आले नाही. नगररचनेच्या अभ्यासकाने दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते आणि बागा पाहताना या राहून गेलेल्या मोजमापाचाही विचार करणे अगत्याचे आहे.