एका गावाचे तीन उच्चार

बेळगावच्या किल्ल्यात कमलबस्ती नावाचे जैन मंदिर आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ते १२०४ साली बांधविले. त्या काळच्या लेखांत या नगरीचे नाव वेणुग्राम असे येते. वेणू म्हणजे कळक. मराठीतला वेळू तोच. पुढे या एका नावाची तीन रूपे झाली. मराठी माणूस बेळगाव म्हणतो, कन्नड माणूस बेळगावि म्हणतो, आणि १८१८ मध्ये किल्ला घेणाऱ्या इंग्रजांनी त्याचे बेलगाम केले. ज्याला लगाम नाही त्याला मराठीत बेलगाम म्हणतात, ही कोटी अर्थात साहेबाच्या मनात नव्हती.

या तिन्ही रूपांत लहर नाही, नियम आहे. जुन्या द्राविड शब्दांच्या आरंभीचा व कन्नड जिभेवर ब होतो. झाडाच्या मुळाला तमिळात वेर, तर कन्नडात बेरु. 'ये' म्हणावयाचे तर तमिळात वा, कन्नडात बा. वेळूचा बेळ होणे याच सवयीशी जुळते, आणि तो ब मराठी माणसानेही मुकाट्याने स्वीकारला आहे. उलट ग्रामचा गाव होणे ही प्राकृतातून मराठीत आलेली चाल. ती कन्नड रूपातही टिकली. शब्द स्वराने संपविण्याच्या कन्नड रिवाजाप्रमाणे तिला शेवटी इ तेवढी लागली. सीमेवरून हिरिरीने भांडणाऱ्या दोन्ही पक्षांच्या तोंडच्या नावात दुसऱ्या पक्षाचा ध्वनी असा घर करून बसला आहे. इंग्रजांच्या भाषेत अनुनासिक स्वर नाही. म्हणून 'गांव' मधला नाकातला सूर त्यांनी ओठ मिटून म केला. कोरेगावचे कोरीगाम झाले तेही असेच.

येथे 'चुकले कोण' हा प्रश्नच गैर आहे. रशियन भाषाशास्त्रज्ञ निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली आहे. परका शब्द कानावर येतो तो या चाळणीतून गाळूनच. ही चाळणी फार लवकर विणली जाते. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इंग्रजी घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील त आणि ट यांतील भेद ओळखता येत होता. वर्षाच्या आतबाहेर तो बहुतेकांना येईनासा झाला. जीभ अडखळते त्याच्या कितीतरी आधी कान बंद झालेला असतो.

समुद्रापलीकडच्या इंडोनेशियात याचा मोठा मजेदार पुरावा सापडतो. तेथील भाषेला महाप्राण परके. म्हणून संस्कृत 'भाषा' तेथे 'बहासा' झाली. शब्दारंभीचे जोडाक्षर परके. म्हणून 'स्त्री' ची 'इस्त्री' झाली आणि तिचा अर्थ पत्नी असा ठरला. फ मुळात नव्हता; म्हणून अरबी 'फिक्र' चे 'पिकिर' झाले. स्टेशनला इष्टेशन म्हणणाऱ्या मराठी खेडुताला जे हसतात, त्यांनी ही इस्त्री आठवावी.

आता निपाणीच्या बाजारात यावे. तंबाखूच्या या पेठेत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत पिढ्यान् पिढ्या व्यवहार चालत आला. कन्नडात बेळे या शब्दातला पहिला ए ऱ्हस्व उच्चारला तर अर्थ पीक, दीर्घ उच्चारला तर डाळ. धारवाडकडील बोलीत शेवटच्या ए ची इ होते, पण पहिल्या स्वराचा हा भेद मोडत नाही. तसेच कोडु : ओ ऱ्हस्व असेल तर 'दे', दीर्घ असेल तर शिंग. मराठीत ए आणि ओ यांच्या ऱ्हस्वदीर्घतेने अर्थ बदलत नाही. त्यामुळे मराठी कानाला दोन्ही शब्द एकच वाटतात. पीक मागितले की डाळ, हे संदर्भावरून कळते, म्हणून व्यवहार अडत नाही. पण बोलणारा परका आहे हे पहिल्याच शब्दाला कळते.

कन्नड माणसाची अडचण याच्या बरोबर उलट. मराठीत च दोन आहेत. 'चार' या संख्येतला च तालव्य आहे, गुरांच्या 'चारा' तला दंततालव्य. 'जरा थांब' मधला ज वेगळा, वार्धक्य या अर्थाच्या 'जरा' मधला वेगळा. कन्नडात एकच तालव्य च. तेव्हा तो 'चारा' तही 'चार' चाच च उच्चारतो. भर म्हणजे दोन्ही लिपी आपापले गुपित लपवितात वा उघड करतात ते नेमके परस्परविरुद्ध रीतीने. कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ ए ला स्वतंत्र अक्षरे आहेत, देवनागरीच्या नित्य लेखनात नाहीत. आणि मराठीतले दोन्ही च एकाच अक्षराने लिहिले जातात. नुसत्या पुस्तकावरून शिकणाऱ्याला हा भेद सापडावा कसा?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर या भागात उच्चार हा निष्ठेचा दाखला होऊन बसला. वर्गात एखाद्या मुलाचा ए किंवा च चुकला की तो 'त्यांचा' ठरू लागला. वास्तविक त्या मुलाने काही अवमान केलेला नसतो. त्याला तो भेद ऐकूच आलेला नसतो. त्याच्या कानाला जोडीचे शब्द, बेळे आणि बेळे, चार आणि चारा, पुन्हा पुन्हा ऐकवीत राहिले, तर मोठेपणीही कान बराच उघडतो. हसण्याने तो उघडत नाही. ज्या गल्ल्यांत दोन्ही भाषांची मुले पाळण्यापासून एकत्र वाढली, तेथे हे शिकवावेही लागत नाही.

१ नोव्हेंबर २०१४ पासून शासकीय व्यवहारात बेलगाम जाऊन बेळगावी आले. फलकांवर ते रोमन अक्षरांतही लिहिले गेले. त्या अक्षरांत मात्र ए ऱ्हस्व की दीर्घ हे कळत नाही, आणि मराठी व कन्नड दोघांच्याही जिभेवर सारखाच वळणारा ळ तेथे नुसता ल होऊन बसला आहे.