कुलाब्याचा किनारा आणि कंपन्यांचे शेअर

आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत पैशाविषयीं बोलण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. सोन्याचा भाव कोणीहि मोठ्यानें विचारतो. जमिनीचा वाद तर गांवभर गाजतो. परंतु घरांत कोणत्या कंपनीचे शेअर आहेत, ते कोणीं, केव्हां व काय पाहून घेतले, याचा उच्चार सहसा होत नाहीं. त्यामुळें या व्यवहाराचा जो इतिहास लिहिला गेला तो बहुधा दलालांचा व शेटियांचा. घेणाऱ्या साध्या माणसाचा नव्हे. रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंतचा जो किनारा आहे, त्याचा उत्तरेकडील भाग पूर्वीं कुलाबा जिल्ह्यांत मोडे व दक्षिणेकडील बराचसा जंजिऱ्याच्या सिद्दीकडे असे. १९८१ पासून तो रायगड जिल्ह्याचा किनारा म्हणून ओळखला जातो. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे, हाकेच्या अंतरावर तो पसरलेला असल्यामुळें मुंबईंत उठलेली प्रत्येक लाट येथें येऊन आदळली. या लाटांच्या वेळीं कंपनीच्या भागाचें मोल लोकांनीं कशावरून ठरविलें, हें पाहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभ कायद्यापासून करणें भाग आहे. पातीचा धंदा आपल्याकडे जुनाच. पण पातीदाराच्या डोक्यावर धंद्याचें सारें कर्ज असे, आणि दिवाळें निघालें म्हणजे त्याच्या घरचीं भांडीकुंडीं सुद्धां सावकाराच्या दारीं जात. १८५७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत प्रथमच मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या नोंदण्याची सोय झाली. जितक्या रकमेचा भाग घेतला तितकीच जोखीम, त्यापुढें एक पैहि नाहीं, ही गोष्ट दिसावयास लहान असली तरी तिच्यामुळेंच परक्याच्या धंद्यांत अनोळखी माणसानें पैसा घालणें शक्य झालें. मात्र या सवलतींत एक मेख होती. शेअरची पूर्ण रक्कम आरंभीं भरावी लागत नसे. थोडी भरून बाकीची मागणी होईल तेव्हां द्यावयाची असे. ही मागणी, म्हणजे ‘कॉल’, विसरून ज्यांनीं शेअर घेतले त्यांची कथा पुढें येतेच.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून अडल्या. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला व शहरांत रोख पैशाचा पूर लोटला. पूर आला म्हणजे पाणी वाट शोधतें. तें कंपन्यांच्या शेअरांकडे वळलें. १८५५ त ज्या शहरांत दहाबारा कंपन्या होत्या, तेथें १८६५ च्या आरंभीं ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशनें, ८ जमिनीच्या कंपन्या, २० विमा कंपन्या व इतर कितीतरी मंडळ्या उभ्या राहिल्या. सर्वांचा मुकुटमणि म्हणजे समुद्र हटवून जमीन करणारी बॅकबे कंपनी. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतचा उपसागर भरून काढण्याचा तिचा बेत होता. (हें कुलाबा मुंबईचें, आमच्या जिल्ह्यानें आपलें नांव अलीबागच्या जलदुर्गावरून घेतलें होतें.) तिच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरास पन्नास हजारांहून अधिक भाव आला. जमीन अद्याप पाण्याखालींच होती. उत्पन्न म्हणून एक कवडी आली नव्हती. अशा शेअरचें मोल घेणारा करी तें एकाच मापानें, काल त्याला काय भाव होता त्यावरून. सर दिनशा वाच्छा यांनीं या काळावर १९१० सालीं इंग्रजींत एक पुस्तक लिहिलें आहे. तें आजहि वाचनीय वाटतें.

परंतु सट्टा एकट्या लोभावर इतका फुगत नाहीं. त्याला उसना पैसा लागतो. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचे भाग व सरकारनियुक्त डायरेक्टर असलेली, म्हणून सर्वांच्या विश्वासाची पेढी. १८६३ च्या नव्या कायद्यानें तिच्यावरचे निर्बंध सैल झाले व शेअर तारण घेऊन कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. प्रेमचंद रायचंद यांचा तेथील वजनाचा पुरेपूर उपयोग झाला. शेअर गहाण टाकून कर्ज, त्या कर्जानें आणखी शेअर, त्यामुळें भाव वर, भाव वर म्हणून तारणाची किंमत वर, आणि म्हणून पुन्हां अधिक कर्ज असें हें रहाटगाडगें होतें. एप्रिल १८६५ त जनरल ली शरण गेल्याची बातमी आली, कापूस उतरला, आणि वायद्याच्या सौद्यांचा जो १ जुलै १८६५ हा दिवस ठरला होता, त्या दिवशीं देणें भागवूं शकणारा माणूस मुंबईंत दुर्मिळ झाला. बँकेचें बहुतेक भांडवल बुडालें. १८६८ त ती गुंडाळून नवी काढावी लागली, व चौकशीसाठीं सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें.

हें सर्व जुनें झालें, असें कोणी म्हणेल. त्यानें नायजेरियाकडे दृष्टि टाकावी. तेथील सरकारी बँकेनें २००४ सालीं आज्ञा केली, कीं प्रत्येक बँकेनें २००५ अखेर आपलें भांडवल २ अब्जांवरून २५ अब्ज नायरांवर न्यावें. ८९ बँकांच्या एकत्र होऊन २५ उरल्या, आणि भांडवलासाठीं त्यांनीं शेअर लोकांपुढें मांडले. शिक्षक, कारकून, बाजारांतल्या विक्रेत्या बाया यांनीं ते घेतले. आणि पुष्कळ शेअर बँकांनींच दिलेल्या कर्जावर, कित्येकदां त्याच बँकेचे, घेतले गेले. मार्च २००८ त लागोसच्या बाजाराचा निर्देशांक ६६,००० च्या वर होता. वर्षभरांत तो सुमारें २०,००० वर आला, व ऑगस्ट २००९ त पांच बँकांचे प्रमुख सरकारी बँकेस एकाच दिवशीं काढावे लागले. १८६३ चें रहाटगाडगें व हें, यांत आम्हांस भाषेखेरीज फारसा फरक दिसत नाहीं. आपल्या बँकेचा शेअर त्याच बँकेच्या कर्जानें घेणें म्हणजे स्वतःच्या शेंडीस धरून स्वतःला विहिरींतून वर काढूं पाहणें होय.

१८६५ च्या राखेंतून खरे दुखावले गेले ते अर्धवट भरलेल्या शेअरांचे धनी. भाव शून्यावर आला तरी न भरलेल्या रकमेची मागणी कायम होती. कंपनी मोडतांना लिक्विडेटर ती वसूल करी. मर्यादित जबाबदारीची मर्यादा किती, हें पुष्कळांस तेव्हांच कळलें. पुढें पुष्कळ दिवस शेअर या शब्दास एक प्रकारचा वास येत राहिला, आणि पोष्टांतलें व्याज बरें, ही समजूत मध्यमवर्गांत दृढ झाली.

ती समजूत हालविली स्वदेशीनें. कोंकणच्या किनाऱ्यास रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. होती ती आगबोट. ही वाहतूक दीर्घकाळ बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या हातीं होती. वंगभंगानंतरच्या उत्साहांत तिच्या जोडीला स्वदेशी मंडळी उतरली, व लोक त्यांच्या कंपनीस ममतेनें ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणूं लागले. त्या ‘माझी’ या शब्दांत किती अर्थ आहे पाहा! बोटींना नांवें दिलीं तीं तुकाराम, रामदास अशीं. दक्षिणेंत तुतिकोरिनला चिदंबरम् पिळ्ळे यांनीं १९०६ त अशीच कंपनी काढली, २५ रुपयांचे शेअर विकले. गोऱ्या कंपनीनें भाडें उतरवीत नेऊन तिला जेरीस आणलें, पिळ्ळे १९०८ त तुरुंगांत गेले, व १९११ त कंपनी मोडली. येथें भागधारकानें मोल कशाचें केलें? देशाभिमानाचें. त्याला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. पण तो देणगी देत आहे कीं गुंतवणूक करीत आहे, हें ज्याचें त्यास ठाऊक असणें बरें.

आगबोटीच्या कंपनींत मोजमापाचा एक विशेष पेंच असतो. प्रवाशास वाटतें, आपण बोट रोज पाहतों, ती भरून जाते, म्हणजे कंपनी नफ्यांत आहे. समजा, एक लाख रुपये भांडवल सगळें एका बोटींत घातलें, आणि खारें पाणी तिला वीस वर्षांत खाऊन टाकणार आहे. वर्षाकांठीं खर्च जातां आठ हजार उरले, व कंपनीनें शेंकडा आठ टक्के डिव्हिडंड वांटला. भागधारक खुष! परंतु दरसाल पांच हजार घसारा म्हणून बाजूस काढावयास हवे होते. खरा नफा तीनच हजार. उरलेले पांच हजार ही त्याची स्वतःचीच मुद्दल, थोडी थोडी परत दिलेली. विसाव्या वर्षीं बोट भंगारांत जाते तेव्हां हातीं कांहींच उरत नाहीं. ताळेबंदांत ‘घसारा’ या शब्दापुढें कोणता आंकडा आहे, हें धक्क्यावर उभें राहून दिसत नाहीं.

आणि कांहीं गोष्टी ताळेबंदांतहि दिसत नाहींत. नोव्हेंबर १९२७ त तुकाराम व जयंती या दोन बोटी एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्यास महिना उरला असतां, आषाढ अमावास्येसाठीं घरीं निघालेल्या माणसांनीं भरलेली रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटून रेवसला पोंचण्यापूर्वीं काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. या किनाऱ्यावरच्या कित्येक गांवांत त्या दिवसाचें नांव आजहि हळू आवाजांत काढतात.

टाटांच्या कंपन्यांची गोष्ट निराळी. लंडनच्या पेढ्यांनीं लोखंडाच्या कारखान्यास पैसा देण्याचें टाळलें, तेव्हां १९०७ सालीं शेअर देशांतच विक्रीस काढले आणि तीन आठवड्यांत सुमारें आठ हजार लोकांनीं सगळें भांडवल उभें केलें. हाहि स्वदेशीचाच जोर. पण येथें खनिजाची पाहणी झालेली होती, जाणते इंजिनियर होते. तरीहि महायुद्धानंतर परदेशी पोलाद स्वस्त झालें, १९२४ त कारखान्यावर असा प्रसंग आला कीं सर दोराबजींनीं आपली खाजगी मालमत्ता तारण ठेवून कर्ज उभारलें, आणि साध्या शेअरवाल्यांस पुढें अनेक वर्षें डिव्हिडंडाचें तोंड दिसलें नाहीं. जे थांबले ते तरले. पण दहा वर्षें थांबण्याची ऐपत किती घरांची असते? शेअर चांगला कीं वाईट, हा प्रश्न पुष्कळदां घेणाऱ्याच्या मुलीचें लग्न कोणत्या सालीं आहे यावरच सुटतो.

आमच्या जिल्ह्याशीं थेट संबंध आला तो विजेच्या कंपन्यांचा. १९१० त नोंदलेल्या टाटा हायड्रो कंपनीनें लोणावळ्याच्या माथ्यावर तळीं बांधून १९१५ त खोपोलीला वीज निर्माण केली. १९१९ च्या टाटा पॉवर कंपनीचें भिरा येथील केंद्र १९२७ त सुरू झालें. भिऱ्याचें पाणी मुळशीचें. त्यासाठीं मावळांतलीं सुमारें पन्नास गांवें पाण्याखालीं जावयाचीं होतीं, व सेनापति बापटांनीं १९२१ पासून त्याविरुद्ध सत्याग्रह चालविला. एकाच पुण्यांत कोणी मुळशीसाठीं वर्गणी द्यावी व कोणी टाटांच्या कंपनीचे भाग घ्यावे, असे ते दिवस होते. शेतकऱ्याची बुडालेली भातखाचरें कंपनीच्या हिशेबीं जमीनखरेदीच्या एका ओळींत मावलीं.

मात्र या पाण्याचा एक परिणाम त्या वेळच्या कोणत्याहि भागधारकाच्या स्वप्नांत नव्हता. वीज करून सुटलेलें पाणी खोपोलीहून पाताळगंगेंत व भिऱ्याहून कुंडलिकेंत येतें. कोंकणच्या नद्या उन्हाळ्यांत आटतात. या दोन वाहत राहिल्या. म्हणून कुंडलिकेच्या कांठीं रोह्यास व पाताळगंगेच्या कांठीं रसायनी परिसरांत कारखाने आले. रिलायन्सनें १९७७ सालीं १० रुपयांचे शेअर लोकांपुढें मांडले होते. पाताळगंगेचा तिचा धाग्याचा कारखाना १९८२ त सुरू झाला. पुढील दहा वर्षांत डिबेंचरें, त्यांचें शेअरांत रूपांतर, मैदानावर मांडव घालून भरणाऱ्या सभा हें सर्व झालें, आणि पोष्टाशीं एकनिष्ठ राहिलेल्या मराठी घरांत प्रथमच शेअरचे अर्ज भरले गेले. जुलै १९८९ त पाताळगंगेला पूर आला व कारखाना पाण्यांत गेला.

आज जो तो सांगतो कीं तेव्हांचा शेअर ठेवला असता तर काय झालें असतें! १९९७, २००९, २०१७ व २०२४ या सालीं शेअरास शेअर असा बोनस मिळाला, तेव्हां १९९६ च्या एकाचे सोळा झाले, हें खरें. परंतु २००६ च्या वांटणींत त्याच भागधारकाच्या हातीं ज्या इतर कंपन्यांचे शेअर आले, त्यांपैकीं रिलायन्स कम्युनिकेशन्स २०१९ त दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें गेली, याची आठवण कोणी काढीत नाहीं. १९९२ ते ९६ या तेजींत निघालेल्या व पत्त्यावर मिळेनाशा झालेल्या कंपन्यांविषयींहि तसेंच. ज्या ट्रंकेंतल्या कागदाचें सोनें झालें तिची कथा नात्यागोत्यांत फिरते. शेजारच्या ट्रंकेंतला कागद वाळवीच खाते.

त्या कागदांविषयीं एक व्यवहाराची गोष्ट सांगून लेखणी ठेवतों. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचें हस्तांतर बंद झालें आहे, आणि ज्या शेअरवरचा डिव्हिडंड सलग सात वर्षें कोणीं उचलला नाहीं, तो शेअर २०१३ च्या कंपनी कायद्यानें गुंतवणूकदारांच्या संरक्षण निधीकडे वर्ग होतो. तो बुडत नाहीं. वारसानें कंपनीकडून कागद तपासून घेऊन, वारसा सिद्ध करून, ठरलेल्या अर्जावर मागितला तर परत मिळतो. किनाऱ्यावरच्या ज्या घरांतील माणसें मुंबईस गेलीं व घर गड्याच्या स्वाधीन राहिलें, तेथें पत्ते बदलल्यामुळें हीं पत्रें परत गेलेलीं असण्याचा फार संभव आहे. गणपतीला घर उघडाल तेव्हां आजोबांच्या पेटीच्या तळाशीं हात घालून पाहावा.