ओरखडा

एप्रिलच्या सुमारास कॅनडातल्या कोक्विटलाममध्ये माळभिंगऱ्या येतात. मी त्यांची वाट कॉलनी फार्मच्या बांधावर पाहतो. एका बाजूला कोक्विटलाम नदी, दुसऱ्या बाजूला उंच गवताचं शिवार, आणि मधून गेलेला पाण्याचा सरळ चर. त्या चरावर माश्या आणि चिलटं घोंगावतात. भिंगरी पाण्याला पोट लावल्यासारखी खाली येते, चराच्या टोकाशी वळते आणि पुन्हा येते.

तिचा फोटो काढताना तिच्या मागे कॅमेरा फिरवून काही हाती लागत नाही. ती ज्या वाटेने परत येणार ती वाट आधी कळावी लागते. वारा पाठीशी घेऊन उभं राहायचं, म्हणजे ती वाऱ्याला तोंड देत समोरून येते आणि जमिनीच्या हिशेबाने थोडी मंदावते. सेकंदाला दहा मीटर वेग धरला, तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ती वीस सेंटिमीटर पुढे जाते. तिची सगळी लांबी त्याहून कमी. शटर दोन हजाराव्या भागावर आणलं की तेच अंतर अर्धा सेंटिमीटर उरतं. त्या अर्ध्या सेंटिमीटरसाठी मी पहाटे उठतो.

हे गणित मांडायला सुरुवात झाली ती १८८२ साली. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. चाप ओढला की फिरत्या काचेवर सेकंदाला बारा प्रतिमा उमटत, प्रत्येक प्रतिमा सेकंदाच्या ७२०व्या भागाची. पंख वर जातो तेव्हा पिसं कशी वळतात, खाली येताना काय होतं, ते पहिल्यांदा एकामागून एक दिसलं. मारेला सुंदर फोटो नको होता, त्याला उड्डाण समजून घ्यायचं होतं. म्हणूनच मला तो जवळचा वाटतो. इंग्लंडच्या कीर्टन बंधूंचा मार्ग निराळा. त्यांनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचा फोटो काढला आणि पुढे पोकळ बैलाच्या कातड्यात दडून पक्ष्यांना गाठलं. उडणारा पक्षी मात्र त्यांच्याही कॅमेऱ्याच्या आवाक्यात क्वचितच यायचा. त्या काळचे बहुतेक फोटो घरट्याजवळचे असतात, कारण तिथे पक्षी परत येणार हे नक्की असतं. नंतर अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांच्या विजेच्या झगझगाटाने गुंजनपक्ष्याचे पंखही थांबवले. आपल्याकडे सालिम अलींचे स्नेही लोके वान थो हे सिंगापूरचे सिनेमागृहवाले अवजड सामान घेऊन घरट्यासमोर तासन् तास बसत. आज माझ्या हातातला कॅमेरा पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतो आणि सेकंदाला वीस चित्रं घेतो. तरी तो वाट दाखवत नाही. वाट चराने दाखवली.

तो चर कोणी खणला, हे मला इथे आल्यावर कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं.

ही सगळी भूमी क्विक्वेटलेम लोकांची. गावाचं नाव त्यांच्याच नावावरून आलं, आणि त्या नावाचा अर्थ नदीतून वर चढणाऱ्या लाल माशाशी जोडलेला आहे. १९१४ साली वरच्या अंगाला मोठं धरण पुरं झालं आणि समुद्रातून येणाऱ्या त्या सॅमनची वाट अडली. त्याआधी, १९०४ साली, सरकारने नदीकाठची हजार एकर जमीन मनोरुग्णालयाच्या शेतीसाठी घेतली. जंगल तोडणं, बांध घालणं, चर काढून दलदल सुकवणं, यातलं बहुतेक काम रुग्णांच्या हातचं. त्याला उपचार म्हणत. १९११पर्यंत कॉलनी फार्म पश्चिमेकडची उत्तम शेती म्हणून नावाजली गेली: वर्षाला सातशे टनांवर पीक, वीस हजार गॅलन दूध. गोठ्यातल्या होल्स्टीन गाई आणि अवजड क्लाइड्सडेल घोडे प्रदर्शनांत गाजत. टेकडीवर १९१३ साली मोठं रुग्णालय उघडलं. त्याचं नाव आधी एसनडेल, मग रिव्हरव्ह्यू.

घोड्यांचे फोटो पुष्कळ मिळतात. चर खणणाऱ्यांची नावं मी शोधली, पण मला सापडली नाहीत. याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

शेती १९८३ साली बंद झाली. नांगर थांबला तसं गवत वाढलं, गवतात व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी वाढले, आणि त्यांच्यामागे भोवत्ये आले. भोवत्या गवताच्या शेंड्यांवरून कान देऊन उडतो, आवाज लागला की जागच्या जागी उलटा पडल्यासारखा कोसळतो. त्याचा फोटो मला अजून मनासारखा मिळालेला नाही. १९९६ साली इथे प्रादेशिक उद्यान झालं, आता सुमारे २६० हेक्टरचं. रिव्हरव्ह्यू २०१२ साली बंद पडलं, आणि २०२१ साली त्या टेकडीला क्विक्वेटलेम लोकांच्या भाषेतलं नाव मिळालं. त्याचा अर्थ मोठ्या निळ्या बगळ्याची जागा.

आम्ही फोटोवाले चौकटीत कुंपण येऊ नये, पंपघर येऊ नये, माणूस तर मुळीच येऊ नये म्हणून धडपडतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण मी इंदापूर तालुक्यातला. आमचं जुनं घर उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण १९८० साली पुरं झालं. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं, आमचं घर येत नाही. त्याच पाण्यावर भिगवणला आता रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पुण्या-मुंबईचे लोक पहाटे होडीतून त्यांचे फोटो काढायला निघतात. होडी वल्हवणाऱ्यांमध्ये धरणाने जमीन गेलेल्या घरांतलेही असतात. रोहित तिथे आले याचा मला आनंद आहे, खरा आनंद. त्या फोटोंखाली 'निसर्गाची किमया' लिहिलेलं वाचलं की मात्र घशात काहीतरी अडकतं. म्हणून कॉलनी फार्मवरच्या माझ्या प्रत्येक फोटोखाली मी एक ओळ लिहितो: हा चर रुग्णालयातल्या माणसांनी खणला. एका प्रदर्शनात ती ओळ काढायला सांगितली, तेव्हा मी फोटोच परत घेतला.

ते जुनं घर सोडायच्या आधी आमच्या अण्णांनी त्याचे फोटो काढले होते. आग्फा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा फोटो, शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. हिवाळा होता. त्यातला एक फोटो मी इकडे येताना बरोबर आणला. दरवाजाच्या कमानीची वीट न् वीट दिसते, उंबऱ्यावर आजीची काठी दिसते, आणि वर आकाशात एक बोटभर काळपट ओरखडा आहे. लहानपणी मी तो नखाने खरवडून काढायचा प्रयत्न केला होता. अण्णा म्हणाले, "अरे, खराब नाही झालाय तो. भिंगरी आहे."

गेल्या मे महिन्यात मला चरावरची भिंगरी मिळाली. तांबूस पोट, शेपटीच्या दोन लांब तारा, चोचीतल्या माशीचा पंखसुद्धा. मागे नुसता हिरवा रंग, चर कुठे आणि बांध कुठे ते ओळखू येत नाही. दोन्ही फोटो मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आहेत.